चिनी बाजारातील डोमेन-नामे : अर्थ आणि मूल्य

१

२०१५ मध्ये चीनमधील 'छीहू ३६०' या संगणकसुरक्षेच्या व्यवसायातील कंपनीने '३६० डॉट कॉम' हे डोमेन-नाम 'व्होडाफोन' कंपनीकडून विकत घेतले. त्यासाठी एक कोटी सत्तर लाख अमेरिकी डॉलर मोजले गेल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. या कंपनीजवळ '३६० डॉट सीएन' हे नाव पूर्वीपासून होतेच, आणि तिचे ग्राहक त्या नावाने तिच्यापर्यंत पोहोचतही होते. असे असता तीन अंक आणि एक प्रत्यय यांसाठी एवढी रक्कम का खर्ची पडावी, हा प्रश्न साहजिक आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर ठरून गेलेले आहे. चिनी माणूस अंकांचे शुभाशुभ मानतो. आठाचा अंक त्याला धनलाभाचा वाटतो, चाराचा मृत्यूचा. म्हणून अंकांची नावे तो वाटेल त्या किमतीला घेतो, असे वृत्तपत्रांतून आणि व्यापारविषयक लिखाणातून वारंवार सांगितले जाते. या उत्तरात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु '३६०' या संख्येत आठ नाही. आणि तिचा अर्थ कोणत्याही चिनी श्रद्धेतून नव्हे, तर वर्तुळाच्या तीनशे साठ अंशांतून, म्हणजे सर्व बाजूंनी संरक्षण या कल्पनेतून आलेला आहे. सर्वांत गाजलेल्या व्यवहारांपैकी एक व्यवहारच जर रूढ उपपत्तीत बसत नसेल, तर ती उपपत्ती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत विवेचनाचा रोख असा आहे की, चिनी डोमेन-नामांचे मूल्य हे मुळात श्रद्धेचे मूल्य नसून वाचनाचे मूल्य आहे. एखादी अंकमालिका अथवा अक्षरमालिका फार मोठ्या समुदायाला सहज वाचता, उच्चारता आणि स्मरता येते, म्हणून तिला मोल येते. जेथे बाजाराने या वाचनाकडे पाठ फिरवून केवळ दुर्मीळतेवर भाव बांधला, तेथे तो भाव टिकला नाही.

२

डोमेन-नाम म्हणजे इंटरनेटवरील एखाद्या स्थळाचे माणसाच्या सोयीसाठी योजिलेले नाव. संगणक परस्परांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. असे पत्ते माणसाच्या ध्यानात राहणे कठीण. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची जी व्यवस्था आखली, तिच्यामुळे अंकांऐवजी शब्द लक्षात ठेवणे शक्य झाले. रोमन लिपीतील सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि एक जोडरेघ एवढीच सामग्री या व्यवस्थेने आरंभी मान्य केली होती.

ज्या समाजाची लेखनपद्धती रोमन लिपीची आहे त्याला ही व्यवस्था नैसर्गिक वाटली. चीनचे 'डॉट सीएन' हे राष्ट्रीय नामक्षेत्र १९९० मध्ये नोंदले गेले आणि १९९७ मध्ये त्याच्या व्यवस्थापनाचे काम पाहणारे केंद्र बीजिंगमध्ये स्थापन झाले. परंतु त्या नामक्षेत्रातसुद्धा चिनी लिपीला प्रथम प्रवेश नव्हता. चिनी वाचकापुढे तीनच मार्ग उरले : इंग्रजी शब्द, चिनी शब्दांचे रोमन लिप्यंतर, आणि अंक. इंग्रजी सर्वांना येत नव्हते. लिप्यंतरासाठी १९५८ मध्ये राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने संमत केलेली 'पिनयिन' पद्धती शाळांतून शिकविली जात होती खरी. पण डोमेन-नामात पिनयिन लिहिताना सुरांची चिन्हे गळून पडतात. मँडरिन भाषेत सूर धरले नाहीत, तर स्वतंत्र पदावयव सुमारे चारशेच उरतात. साहजिकच एकेका रोमन रूपामागे अनेक चिन्हे आणि अनेक अर्थ उभे राहतात.

उरला तो तिसरा मार्ग. अंक प्रत्येक शिक्षित चिनी माणसाला वाचता येत होते आणि कोणत्याही कळफलकावर ते जागच्या जागी होते. म्हणजे ज्या व्यवस्थेने माणसाला अंकांपासून सोडविण्यासाठी नावे निर्माण केली, तिच्यात चिनी वाचकाने नावांच्या जागी पुन्हा अंक बसविले. या विपरीत दिसणाऱ्या घटनेचे कारण श्रद्धा हे नसून लिपी हे आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

३

अंक वाचता येणे वेगळे आणि अंकांना अर्थ असणे वेगळे. चिनी डोमेन-नामांतील अंकांना अर्थ येतो तो तीन वाटांनी, आणि या तीन वाटांची गल्लत झाल्यामुळेच शुभाशुभाची उपपत्ती गरजेपेक्षा मोठी झाली आहे.

पहिली वाट ध्वनिसाम्याची. '५२०' ही संख्या 'वू-अर-लिंग' अशी उच्चारली जाते; 'वो-आय-नी', म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे', या वाक्याशी तिचे ढोबळ साम्य आहे. तिच्यापुढे '१३१४' जोडले की 'जन्मभर' असा अर्थ त्यात मिळतो. '५१' ही जोडी 'वू-याओ' अशी वाचली असता 'वो-याओ', म्हणजे 'मला हवे आहे', असे ऐकू येते. नोकरी शोधणाऱ्यांच्या '५१जॉब' या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या नावातील सूचकता हीच. अलिबाबा समूहाच्या '१६८८ डॉट कॉम' या घाऊक व्यापाराच्या स्थळाचे नाव तर दुहेरी आहे. 'याओ-ल्यौ-बा-बा' हा त्याचा उच्चार 'आ-ली-बा-बा' या नावाच्या जवळ जातो. आणि 'एक' या अंकाचा 'यी' असा दुसरा उच्चार घेतला, तर तीच मालिका 'वाटेवर सर्वत्र भरभराट' या अर्थाच्या शब्दसमूहाची आठवण करून देते. संस्कृत अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला येथे श्लेषाखेरीज दुसरे नाव सुचणार नाही.

मराठीतही संख्यांना अर्थ चिकटतात; पण त्यांची घडण निराळी आहे. 'छत्तीसचा आकडा' या प्रयोगातील अर्थ देवनागरी तीन आणि सहा यांनी एकमेकांकडे फिरविलेल्या पाठीतून, म्हणजे आकृतीतून येतो. उच्चाराचा तेथे संबंध नाही. प्राचीन कटपयादी पद्धतीत अक्षरे अंकांची वाहक होत असत. चिनी प्रघातात अंक शब्दांचे वाहक होतात. शिवाय मराठीत 'त्रेपन्न', 'एकोणसत्तर' अशी प्रत्येक संख्येला स्वतंत्र आणि लांब नावे आहेत. चिनी भाषेत शून्यापासून नवापर्यंतचे सर्व अंक एकावयवी आहेत, आणि एका पदावयवाला एक चिन्ह हाच त्या लिपीचा नियम आहे. म्हणून चार अंक म्हणजे चार अवयव, चार चिन्हे. चार चिन्हांच्या म्हणींना चिनी वाङ्मयात जे स्थान आहे ते पाहता, चार अंकांची मालिका त्या कानाला पूर्ण पदासारखी भासली तर नवल नाही.

दुसरी वाट संस्थात्मक रूढीची. '१६३ डॉट कॉम' हे 'नेटईझ' कंपनीचे स्थळ चीनमधील सर्वांत परिचित स्थळांपैकी एक. त्या अंकांत श्लेष नाही. चीनच्या दूरसंचार खात्याच्या इंटरनेट सेवेशी दूरध्वनीवरून जोडले जाण्यासाठी जो क्रमांक फिरवावा लागे, तो १६३ होता. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने इंटरनेटच्या दारावरचा क्रमांकच आपल्या नावासाठी घेतला. रेल्वेच्या तिकिटांचे '१२३०६ डॉट सीएन' आणि 'चायना मोबाइल'चे '१००८६ डॉट सीएन' ही नावेही अशीच सेवा-दूरध्वनींच्या क्रमांकांवरून आलेली आहेत. येथे अंक कशासारखा ऐकू येतो याला महत्त्व नाही. तो आधीच कोट्यवधी लोकांच्या बोटांना सवयीचा झालेला आहे, एवढे पुरे होते.

तिसरी वाट सर्वसामान्य ज्ञानाची. '३६०' हे तिचे उदाहरण वर आलेच आहे.

४

आता शुभाशुभाच्या उपपत्तीला तिचे न्याय्य स्थान देता येईल. आठ हा अंक कँटोनीज भाषेत 'बात' आणि मँडरिनमध्ये 'बा' असा उच्चारला जातो. 'भरभराट' या अर्थाचा शब्द अनुक्रमे 'फात' आणि 'फा' असा. या साम्याचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. २००३ मध्ये सिच्वान एअरलाइन्सने आठ वेळा आठ असलेल्या दूरध्वनी क्रमांकासाठी तेवीस लाख तीस हजार युआन दिले, आणि बीजिंग ऑलिंपिकचे उद्‌घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री आठ वाजता झाले. परंतु ही श्रद्धासुद्धा अंकाच्या आकारावर अथवा ग्रहांवर आधारलेली नाही. ती उच्चारावर आधारलेली आहे. म्हणजे शुभाशुभ हा वाचनाचा एक पोटप्रकार ठरतो, वाचनापासून स्वतंत्र असे तत्त्व ठरत नाही.

याचा पडताळा दोन ठिकाणी मिळतो. '५८' ही संख्या मँडरिन बोलणाराला 'मी संपन्न होईन' अशी ऐकू येऊ शकते. कँटोनीज बोलणाराला पाच हा अंक नकारवाचक शब्दासारखा लागतो आणि तीच संख्या 'संपन्न होणार नाही' असे सुचविते. एकच संख्या दोन कानांना दोन विरुद्ध अर्थ देत असेल, तर शुभत्व संख्येत नाही, कानात आहे, हे उघड आहे. तरीही '५८ डॉट कॉम' हे छोट्या जाहिरातींचे स्थळ देशभर प्रसिद्ध झाले. दुसरा पडताळा '४३९९ डॉट कॉम' या खेळांच्या स्थळाचा. त्याच्या आरंभीच अशुभ मानलेला चार आहे. पण जोडीने येणाऱ्या नवांमुळे ती मालिका जिभेवर रुळते, आणि ज्या मुलांनी ते स्थळ लोकप्रिय केले त्यांना चाराने अडविले नाही. श्रद्धा किमतीत भर घालते किंवा वजाबाकी करते. मूळ किंमत तिच्यामुळे ठरत नाही.

५

अक्षरी नावांच्या बाबतीत हेच सूत्र निराळ्या रीतीने प्रत्ययास येते. 'वेइबो' हा शब्द 'सूक्ष्म' आणि 'ब्लॉग' या अर्थांच्या अवयवांनी बनलेला, आणि २०१० च्या सुमारास तो सामान्यनाम होता. सिना, टेन्सेंट, नेटईझ, सोहू या सर्वांच्याच 'वेइबो' सेवा होत्या. एप्रिल २०११ मध्ये सिनाने आपली सेवा 'वेइबो डॉट कॉम' या नावावर नेली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर एका यौगिक शब्दाला योगरूढ करण्याचा हा प्रयत्न होता : चिखलात जन्मणारे सर्व काही पंकज नव्हे, कमळच पंकज, तसे सूक्ष्म-ब्लॉग म्हणजे सिनाचाच. २०१४ मध्ये सिनाने आपल्या सेवेचे नाव नुसते 'वेइबो' असे केले. टेन्सेंटची सेवा २०२० मध्ये बंद झाली. एवढे सारे केवळ नावामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु भाषेतील एका सामान्य शब्दाचा मार्ग आपल्या दाराशी आणून सोडणे याची किंमत काय असते, ते या उदाहरणावरून समजते.

'शाओमी' कंपनीने २०१४ मध्ये छत्तीस लाख डॉलर देऊन 'मी डॉट कॉम' हे दोन अक्षरांचे नाव घेतले. 'मी' म्हणजे तांदूळ. हा शब्द कंपनीच्या नावातच आहे. शिवाय मूळ नावाच्या आरंभीचे रोमन 'एक्स' हे अक्षर परदेशी ग्राहकाला उच्चारता येत नाही, ती अडचणही दूर झाली. 'जिंगदोंग' या व्यापारी कंपनीने २०१३ मध्ये '३६०बाय डॉट कॉम' हे नाव टाकून 'जेडी डॉट कॉम' हे आद्याक्षरांचे नाव स्वीकारले. 'बीवायडी' हे वाहननिर्मात्या कंपनीचे नावही 'बी-या-दी' या तीन अवयवांच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे. अवयवांची आद्याक्षरे घेऊन शब्द संक्षेपाने लिहिण्याची ही सवय चिनी वाचकाला कळफलकाने लावली. कारण पिनयिनने चिन्हे उमटविताना आद्याक्षरे दाबूनही परिचित शब्द निवडता येतात.

६

बाजाराने या सवयीचे जे केले, ते मात्र टीकेस पात्र आहे. रोमन वर्णमालेतील आय, यू आणि व्ही या अक्षरांनी पिनयिनमधील एकाही पदावयवाचा आरंभ होत नाही. ए, ई आणि ओ यांनी थोड्याच अवयवांचा होतो. यावरून नावांच्या व्यापाऱ्यांनी असा नियम केला की, ही सहा अक्षरे ज्यात नाहीत तेच नाव चिनी बाजारात उत्तम. उरलेल्या वीस अक्षरांची चार-चारांची १,६०,००० रूपे होतात. सर्व सव्वीस अक्षरे धरली तर ती ४,५६,९७६ होतात. अंकांतूनही अशीच निवड झाली : चार अंकांची रूपे १०,०००, चार हा अंक वगळला तर ६,५६१, आणि शून्यही वगळले तर ४,०९६. नावांचे अर्थाने नव्हे, तर गणिताने वर्ग पडले, आणि प्रत्येक वर्गाचा दर ठरू लागला.

२०१५ च्या जूननंतर चिनी शेअरबाजार कोसळला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात या वर्गांतील नावांचे भाव झपाट्याने चढले. २०१६ मध्ये ते उतरले. चढत्या काळात नावे शेअरसारखी घाऊक विकली जात होती, आणि घेणारा ते नाव कोणासाठी, कोणत्या शब्दासाठी घेतो आहे हा प्रश्न विचारला जात नव्हता. या व्यापाऱ्यांनी स्वतःला दिलेले नाव मोठे सूचक आहे. डोमेन-नामाला चिनी भाषेत 'यूमिंग' म्हणतात. 'यूमी' म्हणजे मका. म्हणून नावे साठविणारा तो मक्याचा, पुढे नुसता 'मी'चा, म्हणजे दाण्यांचा, शेतकरी. श्लेष येथेही आहेच. फक्त तो नावांतून निघून नावे विकणाऱ्यांच्या बोलण्यात गेला होता.

या नियमाचा दोष नेमका कोठे आहे, ते पाहिले पाहिजे. वाक्यार्थबोधाला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात असे शाब्दबोधाची मीमांसा करणाऱ्यांनी म्हटले आहे. सहा अक्षरे वगळण्याचा नियम जेमतेम योग्यता तपासतो : ही चार अक्षरे चार चिनी अवयवांची आद्याक्षरे असू शकतील, एवढेच तो सांगतो. ती कोणत्या शब्दाची आहेत, तो शब्द कोणाला हवा आहे, याविषयी तो मुका असतो. चार व्यंजनांतून शेकडो शब्दसमूह संभवतात. आणि जे शेकडो रीतींनी वाचता येते ते कोणत्याही एका रीतीने वाचले जात नाही. संभाव्य वाचनाला प्रत्यक्ष वाचनाचा भाव देणे ही या बाजाराची मूळ चूक होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सोन्यालाही अर्थ नसतो, तरी त्याला भाव असतो. दुर्मीळता स्वतःच मूल्य निर्माण करते. तीन अंकांच्या नावांपुरता हा आक्षेप काही अंशी मान्य करावा लागेल. 'डॉट कॉम'खाली अशी नावे अवघी एक हजार आहेत. मागणी करणाऱ्या मोठ्या संस्था त्यांहून कमी नाहीत. पण सोने पेटीत ठेवले तर खर्च मागत नाही. डोमेन-नाम मालकीचे नसते, दर वर्षी शुल्क भरून राखावे लागते; 'डॉट कॉम'चे घाऊक वार्षिक शुल्क २०१२ पासून २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होते. हजारो नावे बाळगणाऱ्याला वाचक मिळाला नाही, तर हे शुल्कच त्याला नावे सोडावयास लावते. राष्ट्रीय नामक्षेत्राने हा अनुभव आधीच दिला होता. २००७ मध्ये 'डॉट सीएन' नावे पहिल्या वर्षासाठी एका युआनला दिली गेली आणि त्यांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. २००९ च्या अखेरीस नोंदणीचे नियम कडक होऊन व्यक्तींना नोंदणी नाकारण्यात आली, आणि २०१० संपताना ती संख्या पन्नास लाखांच्या आत आली. घसरणीचे तात्कालिक कारण शासकीय होते. पण जी नावे इतक्या त्वरेने टाकली गेली, त्यांच्यामागे वाचणारे कोणी नव्हते हेही तेवढेच खरे.

७

वाचनाची उपपत्ती स्वीकारली, तर तिच्यावरही एक कसोटी लावली पाहिजे. लिपीच्या अडचणीमुळे अंकांना मोल आले असेल, तर लिपीची अडचण दूर होताच ते मोल उतरावयास हवे. २०१० मध्ये चिनी चिन्हांतील राष्ट्रीय नामक्षेत्र सुरू झाले आणि संपूर्ण पत्ता चिनी लिपीत लिहिणे शक्य झाले. तरीही अंकांची नावे मागे पडली नाहीत. याचे कारण असे की, चिनी चिन्ह उमटविण्यासाठी आधी पिनयिन लिहून मग चिन्ह निवडावे लागते; अंक एकाच ठोक्यात उमटतो. शिवाय तोवर एका पिढीची सवय पक्की झाली होती. २०१४ पासून 'डॉट भारत' या नामक्षेत्रामुळे मराठी नावेही देवनागरीत नोंदता येतात. पण मराठी वृत्तपत्रे आणि संस्था बहुतांशी रोमन नावांवरच राहिल्या आहेत. लिपीला प्रवेश मिळाला म्हणजे वाचन आपोआप तिच्याकडे वळते असे नाही. वाचन सवयीच्या मागे जाते.

ही सवय आता दुसऱ्याच दिशेने बदलत आहे. चिनी जाहिरातींत पत्त्याऐवजी शोधावयाचा शब्द छापण्याची पद्धत रुळली. चौकोनी संकेतचिन्हाचे छायाचित्र घेऊन स्थळ उघडता येऊ लागले. आणि जानेवारी २०१७ मध्ये 'वीचॅट'ने आपल्या आतच छोटे कार्यक्रम चालविण्याची सोय केली. जेथे नाव वाचावेच लागत नाही, उच्चारावेही लागत नाही, तेथे श्लेष कितीही सुंदर असला तरी त्याला कान कोठून मिळणार? त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या शासकीय नियमांनी चीनमधील स्थळांना परवानाधारक नोंदणीदारांकडील, खऱ्या ओळखीने नोंदलेली नावेच वापरण्याचे बंधन घातले, आणि निनावी साठ्याची वाट अरुंद झाली.

म्हणून चिनी डोमेन-नामांचा अभ्यास करणाऱ्याने किमतींच्या याद्यांपासून आरंभ करू नये. एखादे नाव कोणत्या प्रांतातील कोणत्या बोलीचा माणूस कसे उच्चारतो, त्याला त्यात कोणता शब्द ऐकू येतो, आणि ते नाव त्याने पूर्वी कोठे, दूरध्वनीच्या तबकडीवर की रेल्वेच्या तिकिटावर, पाहिलेले आहे, या तीन गोष्टींची नोंद प्रथम झाली पाहिजे. ही नोंद नसताना बांधलेला भाव २०१६ मध्ये कसा उतरला, ते बाजाराने पाहिले आहे. आणि ती नोंद असताना १६३ सारखी एक साधी, श्लेषहीन, शुभत्वहीन संख्या, जिचा दूरध्वनी आता कोणी फिरवीत नाही, अजूनही कोट्यवधी पत्रांच्या माथ्यावर टिकून आहे.